शेजारी मारहाण होते तेव्हा, आणि ती घराबाहेर पडल्यावरचे सहा महिने (सोलापूर)

विद्या_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. पहिली विनंती ही की या धाग्यावर कुणीही कुणाचं नाव, गल्ली, फोन नंबर लिहू नका. मीही लिहिणार नाही.

आमच्या बोळात दोन लेकरांची आई आहे. नवरा यंत्रमागावर, ती घरी विड्या वळते. मध्यंतरी एका रात्री आवाज फार वाढला तेव्हा शेजारच्या बायका दार ढकलून आत शिरल्या आणि तिला, मुलांना बाहेर आणलं. कुणी चहा केला, कुणी रिक्षाचे पैसे दिले. ती माहेरी गेली. त्या रात्री बोळानं खरंच चांगलं काम केलं. पण माहेरी दोन खोल्या आणि भावाचा संसार. मुलांची शाळा इकडे, रेशनकार्ड सासूच्या नावावर, पान-तंबाखू मिळायचं कार्ड इकडच्या कारखान्याचं. महिनाभरात ती त्याच घरात परत आली. आता बोळातली माणसं म्हणतात, "तिलाच तिथं राहायचंय तर आपण कशाला मधे पडायचं?"

या वाक्याचा मला फार राग येतो. शाळा, रेशन आणि मजुरी इकडे अडकून पडली म्हणून ती आली, आणि यातलं एकही काम आपण कुणी अंगावर घेतलं नव्हतं. आपली मदत त्या रात्रीपुरती असते. तिची गरज पुढं सहा महिने असते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण दर चार विवाहितांपैकी एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. आणि देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. म्हणजे बाकीच्या सगळ्या आपल्या आसपास गप्प बसून आहेत.

तर ज्यांना जे कामाचं माहीत आहे ते इथं लिहा. वकील, शिक्षक, नर्स, अंगणवाडीताई, आणि जिनं स्वतः भोगलंय ती, कुणीही.

वकील_सातरस्ता

विद्याताई, चांगला धागा. कायद्याचं थोडक्यात सांगतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. शेजाऱ्यांसाठी त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम ४. हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होईल असं वाटत असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतं. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. "आपल्यावरच केस होईल" ही भीती निदान माहिती देण्यापुरती तरी मनातून काढा.

मारहाण चालूच असेल तर आधी ११२. सल्ला, निवारा, पुढची दिशा हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१. मुलांसाठी १०९८. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, त्याचा हेल्पलाइन क्रमांक १५१००. स्त्रिया आणि मुलांना हा वकील मिळताना उत्पन्नाची अट नाही. पगारदार बाईलाही मिळतो. हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं आणि त्या दागिना मोडून फी भरतात.

या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षण आदेश, घरात राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि स्त्रीधन परत, हे सगळं एकाच ठिकाणी मागता येतं. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात लांबतं. म्हणून अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागायचाच, तो विसरू नका.

बसवराज_होटगीरोड

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. एका हातानं टाळी वाजत नाही. आमच्या समाजात चार वडीलधारी बसून मिटवतात. कोर्ट-कचेरीत गेलं की संसार मोडतोच. शिवाय खोट्या केसेसही होतात. नात्यातल्या एका म्हाताऱ्या आईला विनाकारण पोलीस ठाण्याच्या चकरा मारताना पाहिलंय.

विद्या_पूर्वभाग

बसवराजदादा, राग नाही. पण टाळीचं उदाहरण भांडणाला लागू पडतं, मारहाणीला नाही. एक हात उगारतो आणि दुसरा तोंड झाकतो, त्यात टाळी कुठली?

वडीलधारी बसतात तेव्हा काय होतं ते बघितलंय. तिला सगळ्यांसमोर विचारतात, "काय झालं सांग." शेजारी तोच बसलेला असतो. ती काय सांगणार? मग त्याला दम देतात, तिला "थोडं सोसून घे" म्हणतात, सगळे चहा पितात आणि घरोघर जातात. तिला मात्र त्याच्याच सोबत पाठवतात. त्या रात्री तिचं काय होतं ते विचारायला कुणी येत नाही.

वकील_सातरस्ता

खोट्या केसेसच्या भीतीबद्दल दोन गोष्टी. एक, २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो. अर्ज केला म्हणून लगेच कुणी तुरुंगात जात नाही. कोर्टानं संरक्षण आदेश दिला आणि तो मोडला, तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन, नवऱ्याच्या-सासरच्या छळाचं पूर्वीचं ४९८-अ कलम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. त्यातही सरसकट अटक करू नये हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच अर्नेशकुमार खटल्यात बजावलंय. तुमच्या नात्यातल्या आजींना त्रास झाला असेल, तो खराच. पण त्यासाठी मार खाणारीनं गप्प बसायचं, हा हिशोब मला पटत नाही.

वडीलधाऱ्यांनी जरूर बसावं. बसून एवढंच करावं: तिचे दागिने, कागदपत्रं, मुलांचे कपडे सुखरूप बाहेर काढून द्यावेत. तिथं त्यांच्या शब्दाला खरोखर वजन असतं.

बसवराज_होटगीरोड

हे शेवटचं पटलं. सामान काढून देण्याचं काम आमची मंडळी नक्की करू शकतील.

सिस्टर_र

मी नर्स आहे, कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही. बाई येते, डोळ्याखाली निळं-काळं, हाताला वळ. "कशानं झालं?" विचारलं की "बाथरूममध्ये घसरले." नवरा दाराशीच उभा असतो. केसपेपरवर तेच उतरतं, आणि वर्षभरानं कोर्टात तोच कागद तिच्या विरुद्ध जातो.

तुम्ही सोबत जात असाल तर एवढं करा. डॉक्टरांशी बोलताना ती एकटी राहील असं बघा. "कपड्याचं बघायचंय, जरा बाहेर थांबा" म्हटलं की बहुतेक पुरुष थांबतात. कुणी मारलं, कशानं मारलं हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगावं, आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची वैद्यकीय) नोंद करा असं स्पष्ट म्हणावं. केसपेपरचा फोटो काढून तुमच्याकडे ठेवा. तिच्या मोबाइलमध्ये नको, तो तपासला जातो. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात, तेव्हा पुन्हा फोटो काढावेत.

गरोदर बाईच्या पोटाला मार लागला असेल तर दुखत नसलं तरी दवाखान्यात आणा. उद्या बघू म्हणू नका.

आता_बरी_आहे

सदस्यनाम नवीन काढलंय, समजून घ्या.

मी माझ्या मुलीला घेऊन बाहेर पडले. कुणी काय केलं ते सांगते, म्हणजे इतरांना उपयोग होईल.

समोरच्या काकूंनी एकदाही "सोड त्याला" म्हटलं नाही, की "सांभाळून घे"ही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुझी एक पिशवी माझ्याकडं ठेव. कधी लागली तर लागली." त्या पिशवीत मी हळूहळू आधारच्या झेरॉक्स, मुलीचा जन्मदाखला, पासबुक, लग्नातला एक फोटो, माझी दहावीची मार्कलिस्ट, एक ड्रेस आणि थोडे पैसे ठेवत गेले. त्यांच्या कपाटात दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्यामागं ती पिशवी होती. काकांनाही ठाऊक नव्हतं.

मी सखी सेंटरला गेले. या वन स्टॉप सेंटरमध्ये सुरुवातीला काही दिवस राहता येतं, साधारण पाच दिवस धरून चाला. तिथं समुपदेशन, पोलीस, वकील, दवाखाना असं सगळं जुळवून देतात. पुढं जास्त दिवस राहायचं तर शक्ती सदन असतं, पूर्वी त्याला स्वाधार गृह म्हणायचे. तिथल्या ताईंनी मला सगळ्यात आधी जेवायला घातलं आणि नंतर प्रश्न विचारले, ते मी विसरणार नाही.

अवघड काळ नंतर आला. खोली भाड्यानं घ्यायला गेले की पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" एकटी बाई म्हटलं की दार बंद. शेवटी काकूंच्या भावानं त्यांच्या ओळखीनं खोली मिळवून दिली. तुम्हाला मदत करायची असेल आणि घरात रिकामी खोली असेल तर हा प्रश्न विचारू नका. अनामत थोडी थोडी घ्या.

आणि फोन. मी गेले त्या दिवशी तो दोन तासांत स्टँडवर पोचला होता. लोकेशन त्याच्या मोबाइलवर चालू होतं. माझं गुगल खातं त्यानंच उघडून दिलं होतं, पासवर्डही त्याचाच. निघण्याआधी जुना फोन बंद करा, नवीन सिम घ्या, आणि खातं जाणत्या माणसाकडून नव्यानं उघडून घ्या.

विद्या_पूर्वभाग

ताई, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पिशवीची कल्पना आजच दोघींना सांगते.

लक्ष्मी_विडीघरकुल

आमच्याकडं लै बायका तेलुगू बोलतात. तेलंगणातनं लग्न होऊन आलेल्या पोरी तर मराठी नीट समजत बी नाही. पोलीस ठाण्यात गेल्यावर साहेब मराठीत विचारायलेत, हिला कळंना, आणि नवराच मधे पडून तिचं सांगायलाय. असं झालेलं मी स्वतः बघितलंय. तो काय तिचं खरं सांगणार हाय व्हय? म्हणून ज्यांना तेलुगू, कन्नड येतंय त्या बायकांनी सोबत जायचं. एक अक्का बाजूला बसली की त्या पोरीचा आवाज फुटतो.

विडीकामगार बाईनं आपलं विडी कार्ड, पीएफचे कागद नवऱ्याच्या कपाटात ठेवू नयेत. पीएफला वारस म्हणून मुलांची नावं लावता येतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती मिळती, तिला ह्या कार्डाचाच आधार लागतोय. कार्ड गेलं की पोराचे पैसे गेले.

कुंभारीला गोदूताई परुळेकर घरकुलात दहा हजार घरं विडीकामगार बायकांसाठी उभी राहिली, २००६ ला ताबे मिळाले. घर बाईच्या नावावर असलं की काय फरक पडतोय ते तिथं दिसतं. भांडण झालं तर "निघ माझ्या घरातनं" म्हणायची सोय नवऱ्याला राहत नाही. मार थांबतोच असं नाय म्हणत मी. पण बाहेर कोण जायचं ते उलटं होतंय.

वकील_सातरस्ता

लक्ष्मीताईंच्या मुद्द्याला जोडून. पोरगी माहेरी तेलंगणात किंवा विजयपूरला गेली तरी ती जिथं तात्पुरती राहते तिथल्या कोर्टात २००५ च्या कायद्याखाली अर्ज करू शकते. केससाठी सोलापूरलाच यायला पाहिजे असं नाही. फौजदारी तक्रारही कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून ते योग्य ठाण्याकडे पाठवतात.

गुरुजी_शेळगी

मुलांवर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी प्राथमिक शिक्षक आहे.

एका मुलाच्या दप्तरात मोबाइल सापडला. चौथीतला मुलगा. शाळेत मोबाइलला बंदी, म्हणून वर्गात ओरडा झाला. मी त्याला बाजूला घेतलं. फोन आईचा होता. बाबा काल म्हणाले की फोडून टाकतो, म्हणून तो शाळेत घेऊन आला होता. चार्जरसुद्धा आणला होता, वायर नीट गुंडाळून कंपासपेटीत.

अशी मुलं मी पुष्कळ पाहिली. शाळा सुटली तरी घरी जायचं नाव काढत नाहीत. फळा पुसू का, कुंड्यांना पाणी घालू का, असं काहीतरी शोधत राहतात. काही एकदम शहाणी होतात, धाकट्याचा डबा, शर्टाची बटणं सगळं बघतात, आणि आपण "किती समजूतदार आहे" म्हणून कौतुक करतो. काही मधल्या सुट्टीत दुसऱ्यावर हात टाकतात. पाठीवर नुसता हात ठेवायला गेलं तरी दचकतात. त्यांना कुणी मारलेलं नसेलही. भिंतीपलीकडचं ऐकत झोपणं हाही मारच आहे.

शिक्षकांनी काय करावं? "घरी काय झालं?" असं वर्गात विचारू नये. आई-वडिलांना एकत्र बोलावून समज देण्याच्या फंदात तर अजिबात पडू नये, त्याचा सूड रात्री आईवर निघतो. मुलाला एवढंच कळू द्यावं की यात तुझी चूक नाही, आणि भीती वाटली तर हा १०९८ नंबर. मध्ये पडून आईला वाचवायचं काम त्याचं नाही, त्यानं शेजारी पळत जायचं, हेही त्याला सांगावं लागतं. कारण दहा वर्षांची पोरं खरोखर मध्ये पडतात.

आणि दाखल्याचं. विद्याताईंच्या शेजारणीची शाळेमुळं अडचण झाली, ती व्हायला नको होती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला दोन शाळा आपसात मागवून घेतील. आईनं वडिलांच्या सहीसाठी त्या दारात परत जायची गरज नाही. मुख्याध्यापकांना लेखी द्या की मुलाला न्यायला कोण येणार. ताब्याचा आदेश मिळाला की त्याची प्रत शाळेत जमा करा.

सुजाता_जुळेसोलापूर

पैशांचं मी सांगते, बचत गटात काम करते.

तिच्या खात्याचं एटीएम आणि ओटीपी नवऱ्याकडे असतो. लाडकी बहीणचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात पडतात आणि तोच काढतो. पोस्टात तिचं वेगळं खातं उघडा आणि आधार त्या खात्याला जोडून घ्या, म्हणजे पैसे तिकडे वळतात. मोबाइल नंबर तिच्या नव्या सिमचा द्या.

संजय गांधी निराधार योजना परित्यक्ता आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या बाईलाही आहे. दरमहा १५००, अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाची अट फार कमी आहे, वर्षाला २१ हजार, त्यामुळे दाखला काळजीपूर्वक काढावा लागतो. लाडकी बहीण आणि ही, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, एका मुलाला महिना २२५०, महिला व बालविकास कार्यालयामार्फत. कागदपत्रं भरपूर लागतात, ती गोळा करता करता बायका दमतात. इथं सोबतीची खरी गरज असते. लहान लेकरू कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या रांगेत उभं राहणं काय असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कुणीतरी ते लेकरू तासभर सांभाळलं तरी काम होतं.

साखरपेठ_काका

चार दिवस वाचतोय. लिहू की नको असं झालं होतं.

माझा मुलगाच सुनेवर हात उचलतो. घर माझ्या नावावर आहे. सौ. नाही. एक नात आहे, सात वर्षांची. मी मध्ये पडलो तर मलाही ढकलतो. सून चांगली आहे, माझी औषधं, पथ्य सगळं तीच बघते. तिला म्हटलं तू माहेरी जा, तर म्हणते, "मामा, तुम्हाला कोण बघणार?" लोक म्हणतील बापानंच पोराविरुद्ध साक्ष दिली. पण नात आता बोलेनाशी झाली आहे. मी काय करू शकतो?

वकील_सातरस्ता

काका, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

सुनेनं घर सोडायचं कारण नाही. तिनं अर्ज केला तर न्यायदंडाधिकारी तुमच्या मुलाला घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात, कलम १९ मध्ये तशी सोय आहे. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते तिचं सामायिक घर, म्हणजे जिथं राहायचा तिला हक्क आहे असं घर, ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. त्या खटल्यात सासरे सुनेला बाहेर काढू पाहत होते. तुम्ही तिच्या बाजूनं उभे राहताय, त्यामुळे तिचं काम किती हलकं होईल बघा. तुम्ही स्वतः कलम ४ खाली संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकता. ते सुनेशी बोलून घटनेचा अहवाल तयार करतील आणि कोर्टाकडे पाठवतील. तुम्हाला होणाऱ्या धक्काबुक्कीसाठी ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदाही आहे.

एक मात्र पाळा. तिला विचारल्याशिवाय पहिलं पाऊल टाकू नका. नोटीस हातात पडते तो दिवस सगळ्यात धोक्याचा असतो. त्या दिवशी ती आणि नात कुठं असतील, तुम्ही कुठं असाल, हे आधी ठरलेलं हवं.

गुरुजी_शेळगी

काका, नात कुठल्या शाळेत ते इथं लिहू नका. पण तिच्या वर्गशिक्षिकेला तुम्ही स्वतः जाऊन भेटा. आजोबा भेटायला आले याची घरी चर्चा होत नाही. तिच्याशी बोलायला बसण्यापेक्षा रोज काहीतरी एकत्र करा, चित्र रंगवा, शेंगा सोला. आपोआप बोलेल. बोलली की प्रश्न न विचारता ऐका.

साखरपेठ_काका

काल मुलगा पाळीवर गेल्यावर सुनेशी बोललो. बराच वेळ काही म्हणाली नाही. मग म्हणाली, "मामा, तुम्ही सोबत येणार असाल तर मी येते." वार्षिक परीक्षा संपेपर्यंत थांबू म्हणते. तोवर कागद जमवतोय. तिचे दागिने माझ्या लॉकरमध्ये आहेत, ते तिचेच आहेत असं लिहून ठेवलं. अडचण एक आहे, ती घरात तेलुगूच बोलते, मराठी कळतं पण अधिकाऱ्यांपुढं तोंडातून शब्द फुटणार नाही. मला थोडं ऐकूही कमी येतं.

लक्ष्मी_विडीघरकुल

मामा, मी येते की. माल द्यायचा दिवस सोडून कधी बी सांगा. आधी एकदा मला तुमच्या घरी नको, विडी कारखान्यापाशी नाहीतर देवळात भेटवा तिला, जरा ओळख होऊ दे. नुसती पहिल्यांदा तिथंच भेटले तर ती माझ्यासमोर बी बोलायची नाही. विद्याताईंकडं निरोप ठेवा, नंबर इथं टाकू नका.

विद्या_पूर्वभाग

काका, संदेश पाठवला आहे, बघा. परीक्षेपर्यंतचा मधला काळ कसा काढायचा तेही त्यात लिहिलंय. रात्री आवाज वाढला तर नातीनं कुणाच्या दारात जायचं ते आधी ठरवा, आणि त्या घरी तसं आजच सांगून ठेवा. बसवराजदादा, सामान हलवायची वेळ आली तर तुमची मंडळी लागतील, तेव्हा कळवते.